इचारा ना भो : फिलिपिन्सचा शिकलेला माणूस

मागच्या अंकात दवाओला मेडिकलला गेलेल्या आपल्या खान्देशच्या पोरापोरींबद्दल चार ओळी छापल्या होत्या. त्यावर एवढे मेसेज आले की यावेळचा सगळा कॉलम फिलिपिन्सलाच देऊन टाकला. फी, होस्टेल, जेवणात काय मिळतं, एजंट कोणता चांगला हे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते ज्यांची पोरं तिथं आहेत त्यांनाच विचारा. उरलेल्यांपैकी बरेच जण वेगवेगळ्या तोंडानं एकच गोष्ट विचारत होते, की त्या देशात शिकलेला नागरिक म्हणतात तो कोण आणि त्यानं काय करायचं असतं. तर घ्या.

प्रश्न : भाऊ, मनी अंडेर तठे मेडिकलले शे. (पुढचं मराठीत लिहितो, नाहीतर तुम्ही छापणार नाही.) मेडिकलच्या आधी बीएस बायोलॉजी करावं लागतं ते ती करतेय, आणि त्यात तिला होसे रिझाल नावाच्या कुणा माणसाचा अख्खा पेपर आहे. बायोलॉजीत हा माणूस कुठून आला? आम्ही एवढे लाखो रुपये याच्यासाठी भरून राहिलो का? – एक बाप, चोपडा

उत्तर : आधी एक सांगतो, अहिराणीत पाठवलं तरी छापू, बिनधास्त लिहा.

आता रिझाल. हा पेपर तुमच्या मुलीच्या कॉलेजनं हौस म्हणून लावलेला नाही, कायदाच आहे तसा. १९५६ चा रिपब्लिक ॲक्ट १४२५, सगळे त्याला रिझाल लॉ म्हणतात. सरकारी असो की खाजगी, इंजिनिअरिंग असो की नर्सिंग, तिथल्या प्रत्येक शाळा-कॉलेजात रिझालचं आयुष्य आणि त्याचं लिखाण, खास करून त्याच्या दोन कादंबऱ्या, शिकवाव्याच लागतात. आणि बायोलॉजीचं म्हणाल तर माणूस तुमच्या मुलीच्याच लाईनचा, डोळ्यांचा डॉक्टर. जन्म १८६१ चा, मनिलाच्या दक्षिणेला कालांबा नावाचं गाव आहे तिथला, घरचं बरं होतं. आईची नजर जायला लागली म्हणून डोळ्यांकडे वळला, माद्रिदला शिकला, मग पॅरिस आणि हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांच्या हाताखाली काम केलं, आणि हे सगळं करता करता स्पॅनिशमध्ये कादंबऱ्या लिहिल्या, एक १८८७ ला आणि दुसरी १८९१ ला, त्यात स्पेनच्या राज्यानं आणि त्यांच्या पाद्र्यांनी लोकांचं काय करून ठेवलंय ते सगळं चव्हाट्यावर मांडलं. पहिल्या कादंबरीचा हिरो युरोपातून शिकून येतो आणि गावात शाळा बांधायला काढतो, आणि तिथूनच त्याच्या मागे शुक्लकाष्ठ लागतं.

लेखकाच्या मागेही लागलंच. १८९२ ला मायदेशी परत आला तर सरकारनं उचलून मिंदानाओ बेटावर दापितान नावाच्या कोपऱ्यातल्या गावी हद्दपार केलं. मला या माणसाची कादंबरीपेक्षा ही दापितानची चार वर्षं जास्त आवडतात. दुसरा कुणी असता तर कुढत बसला असता, यानं काय केलं, गावच्या पोरांसाठी शाळा काढली आणि फी म्हणून पोरांकडून शेतात, बागेत काम करून घेतलं, गावाला पाणी आणून दिलं, गरिबांचे डोळे फुकट तपासले आणि पैसेवाल्यांकडून पैसे घेतले. मध्ये एकदा लॉटरीसुद्धा लागली त्याला, जमीनही घेतली. १८९६ ला उठाव झाला आणि त्याच्याशी याचा संबंध जोडून ३० डिसेंबरला मनिलात गोळ्या घातल्या. वय ३५.

आता कायद्याकडे या, कारण मजा तिथं आहे. १९५६ ला सिनेटर क्लारो रेक्तो आणि होसे लॉरेल यांनी हे बिल पुढे नेलं तेव्हा चर्चनं जोरदार विरोध केला, म्हणे या कादंबऱ्या धर्माच्या विरोधात आहेत, पोरं बिघडतील. कॅथलिक शाळा बंद करू अशीही भाषा झाली. रेक्तो म्हणाले करा बंद, सरकार ताब्यात घेईल आणि चालवेल. शेवटी तडजोड झाली, ज्याला धर्माच्या कारणानं मूळ कादंबरी वाचायची नाही त्यानं तसं शपथेवर लिहून द्यायचं आणि वाचनातून सूट घ्यायची, पण कोर्समधून सुटका नाही. म्हणजे बघा, एखाद्या देशानं आपल्या नर्सला, इंजिनिअरला, अकाउंटंटला डिग्री देण्याआधी सांगितलं की बाबा, हा एक डॉक्टर होता, त्यानं असं असं लिहिलं, त्यासाठी मेला, हे माहीत करून घे मग जा कामाला. पोरं तो पेपर घोकून पास होतात ही वेगळी गोष्ट, घोकंपट्टी काय आपल्याकडेच आहे असं थोडंच. पण तुमच्या लाखो रुपयांतला हा पेपर मला तरी वाया वाटत नाही. मुलीला दापितानचा चॅप्टर नीट वाचायला सांगा.

प्रश्न : मी बीएला आहे. एनएसएसच्या कॅम्पमध्ये पाहुणे म्हणाले की शिक्षित नागरिकच लोकशाही वाचवतो, अडाण्यांच्या मतामुळे देशाचं नुकसान होतं. मला पटलं नाही. माझी आजी अंगठा लावते पण गावचं राजकारण तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही मागे फिलिपिन्समधल्या शिक्षणाचं कौतुक केलं होतं, तिथं काय मानतात? – एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : ताई, तुझ्या आजीची बाजू घ्यायला अख्खा फिलिपिन्सचा इतिहास उभा आहे, पण जरा बैस, लांब आहे.

स्पेनच्या काळात तिथं शिकलेल्यांचा एक वर्ग तयार झाला, त्यांना इलुस्त्रादो म्हणायचे. जमीनदार, व्यापाऱ्यांची पोरं, मनिलात शिकायची आणि मग स्पेनला जायची. रिझाल त्यातलाच. या मंडळींनी १८८९ ते १८९५ स्पेनमधून ला सोलिदारिदाद नावाचं पाक्षिक चालवलं, आम्हाला स्पेनच्या संसदेत जागा द्या, कायद्यापुढे सारखं वागवा वगैरे मागण्या. चांगलं काम, पण चाललं होतं सगळं समुद्रापार, स्पॅनिश भाषेत, आणि देशात ती भाषा वाचणारे थोडेच. प्रत्यक्ष उठाव करणारी कातिपुनान ही गुप्त संघटना १८९२ ला उभी केली आंद्रेस बोनिफासियोनं. हा आईबाप गेल्यामुळे शाळा सोडलेला पोरगा, काठ्या आणि कागदी पंखे विकायचा, नंतर गोदामात नोकरी. पण वाचायचा प्रचंड, रिझालच्या कादंबऱ्या, फ्रेंच क्रांतीवरची पुस्तकं. आता याला शिक्षित म्हणायचं की अशिक्षित, ते तुझ्या पाहुण्यांना विचार.

तिसरा माबिनी. गरीब घरचा, कसाबसा वकील झाला, आजारात दोन्ही पाय गेले, आणि १८९९ ला त्यांचं पहिलं प्रजासत्ताक झालं तेव्हा पंतप्रधान हाच. माणसं उचलून न्यायची त्याला. मालोलोस गावी त्यांची संसद भरायची, तिला काँग्रेस म्हणायचे, तिच्यात बरेचसे वकील, डॉक्टर असे शिकलेले श्रीमंत बसलेले आणि त्यांच्याशी याचं सारखं वाजायचं, कारण त्यांना सत्ता आपल्या वर्गाच्या हातात ठेवायची होती. शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी देश चालवायचा, हा विचार तिथंही होता बरं का, तो मेला वगैरे नाही.

याच मालोलोस गावची एक गोष्ट, ही तुला आवडेल. डिसेंबर १८८८ मध्ये तिथल्या २० तरुण मुली थेट स्पॅनिश गव्हर्नर जनरलपुढे अर्ज घेऊन उभ्या राहिल्या, की आम्हाला रात्रशाळा काढून द्या, स्पॅनिश शिकायचंय. गावच्या पाद्र्यानं मोडता घातला. मुलींनी सोडलं नाही, दोन-तीन महिने मागे लागून परवानगी घेतलीच. रिझालनं युरोपातून त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. ती शाळा काही महिनेच चालली, पण मला विचारशील तर नागरिक कोण, तर अर्ज घेऊन गेल्या त्या मुली. त्या शिकल्या नंतर, नागरिकासारखं वागल्या आधी.

आता मताचं. स्पेन गेलं, अमेरिका आली, १९०७ ला पहिली निवडणूक. मत कुणाला? २३ वर्षांवरचे पुरुष, आणि त्यातही एकतर आधी गावात सरकारी पद भूषवलेले, किंवा ५०० पेसोची मालमत्ता असणारे वा वर्षाला ३० पेसो कर भरणारे, किंवा इंग्रजी नाहीतर स्पॅनिश लिहिता-बोलता-वाचता येणारे. म्हणजे स्वतःच्या भाषेत लिहिणारा-वाचणारा माणूससुद्धा अडाणी ठरला! १९१६ च्या कायद्यानं स्थानिक भाषा चालायला लागली. १९३५ च्या संविधानात २१ वर्षांवरचा, लिहिता-वाचता येणारा पुरुष. बायकांना सांगितलं तुमचं मतदान घेऊ, ३ लाख बायका हो म्हणाल्या तर देऊ, आणि ३० एप्रिल १९३७ ला ४ लाख ४७ हजारांवर बायकांनी हो म्हटलं. आणि १९७३ च्या संविधानात साक्षरतेची अट काढून टाकली. १९८७ च्या सध्याच्या संविधानात तर पाचव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की साक्षरतेची, मालमत्तेची कसलीच अट मतदाराला लावायची नाही, उलट निरक्षरांना दुसऱ्याच्या मदतीशिवाय मत देता येईल अशी सोय संसदेनं करायची. राष्ट्राध्यक्षाला मात्र लिहिता-वाचता आलं पाहिजे असं त्याच संविधानात आहे, ते ठीकच आहे, फाईलवर सही काय बघून करणार.

आपण हा टप्पाच गाळला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीला देशात १०० मागे १८ लोक साक्षर होते तरी सगळ्यांना मत दिलं, आणि बैलजोडी, झोपडी असली चिन्हं मतपेट्यांवर लावून. आपल्याकडे उलटी गाडी अलीकडं फिरली, २०१७ ला थेट सरपंचासाठी १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट आली. त्यावर वाद घालायला हरकत नाही, पण घालताना फिलिपिन्सचं हे सगळं माहीत असावं. आणि हो, आपल्या जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, हे पुढच्या कॅम्पला पाहुण्यांच्या कानावर घाल.

एनएसएसवरून आठवलं, तिथं तसलाच एनएसटीपी म्हणून प्रकार आहे. पूर्वी कॉलेजातल्या पोरांना मिलिटरी ट्रेनिंग सक्तीचं होतं, २००१ ला त्यातला भ्रष्टाचार उघड करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा खून झाला, लोक खवळले, आणि नवीन कायदा येऊन पोरांना तीन पर्याय मिळाले. मिलिटरी ट्रेनिंग घ्या, किंवा शाळकरी पोरांना आणि शाळाबाह्य मुलांना लिहायला-वाचायला शिकवा, किंवा वस्तीत आरोग्य, स्वच्छता असली कामं करा. यातला दुसरा पर्याय मला भारी वाटतो. भाषणं ऐकण्यापेक्षा चार पोरांना वाचायला शिकवलेलं बरं.

प्रश्न : फिलिपिन्समध्ये प्रत्येक विद्यार्थ्यानं १० झाडं लावल्याशिवाय डिग्रीच मिळत नाही असा कायदा आहे. आपल्याकडे का नाही? भुसावळचा उन्हाळा बघा. – एक ग्रुप ॲडमिन, वरणगाव

उत्तर : ॲडमिनसाहेब, हा फॉरवर्ड गेली कित्येक वर्षं फिरतोय आणि दर जूनमध्ये माझ्याकडेही येतो. झालं एवढंच की मे २०१९ मध्ये त्यांच्या कनिष्ठ सभागृहात तसं बिल पास झालं. सिनेटमध्ये ते पास होऊन कायदा झालाच नाही. तुमच्या भुसावळच्या उन्हाळ्याबद्दल मात्र मी एक शब्द उलट बोलणार नाही, झाडं लावा, कायद्याची वाट कशाला बघता. ग्रुपवर दुरुस्ती टाका तेवढी.

प्रश्न : मी धडगाव भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. फिलिपिन्सचे लोक इंग्रजी फाडफाड बोलतात म्हणून पुढे गेले असं पालक आम्हाला ऐकवतात आणि पोरं इंग्लिश मीडियमला नेतात. घरी पोरगं पावरी बोलतं, शाळेत मराठी, आणि आता इंग्रजी. काय उत्तर देऊ? दुसरं, तिथल्या मास्तरांनाही इलेक्शन ड्युटी असते का हो? – एक गुरुजी

उत्तर : गुरुजी, दुसऱ्याचं आधी देतो कारण त्यात तुमचा जीव जास्त अडकलाय असं दिसतं. असते! मतदान केंद्रावरचं मंडळ तिथं सरकारी शाळेच्या शिक्षकांचंच असतं. आणि ड्युटी नुसती कंटाळवाणी नाही, जीवघेणी. २००७ ला बटांगास प्रांतात मतदान केंद्र असलेल्या शाळेला आग लावली त्यात एक शिक्षिका गेली. शेवटी २०१६ ला कायदा झाला की शिक्षकांवर ही ड्युटी सक्तीची नाही, मानधनही वाढवलं. तरी बहुतेक ठिकाणी करतात शिक्षकच, कारण लोकांचा विश्वास त्यांच्यावर. आता तुम्ही म्हणाल आम्हाला पण पर्याय द्या, ते मी इथं लिहून काही होणार नाही.

आता इंग्रजी. १९०१ च्या ऑगस्टमध्ये थॉमस नावाच्या जहाजातून ५०० च्या वर अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले, त्यांना थॉमसाइट म्हणतात, आणि तेव्हापासून शाळांत इंग्रजी रुजलं. त्यामुळे कॉल सेंटर आले, परदेशात नर्सची नोकरी मिळते, हे खरं, त्याला नाकारून उपयोग नाही. पण पालकांना दुसरी बाजू पण सांगा. २०१८ च्या पिसा परीक्षेत, ही १५ वर्षांच्या पोरांची आंतरराष्ट्रीय चाचणी, ७९ देशांत वाचून समजण्यात फिलिपिन्स सगळ्यात शेवटी आला. आणि ती परीक्षा त्या पोरांनी इंग्रजीतच दिलेली. २०२४ च्या त्यांच्या स्वतःच्या सरकारी पाहणीत साधं लिहिता-वाचता येणारे १०० मागे ९० निघाले, पण वाचलेलं समजून वापरता येणारे ७१ च्या आसपास. फाडफाड बोलणं आणि समजणं यातला फरक तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही रोज वर्गात बघता.

मधल्या काळात त्यांनी एक चांगला प्रयोग केला होता. २०१२ पासून बालवाडी ते तिसरी घरच्या भाषेतून शिकवायचं, आधी १२ भाषा, मग १९ पर्यंत नेल्या. पुस्तकं वेळेवर नाहीत, शिक्षक बदलीवर जातो त्या गावची भाषा त्यालाच येत नाही, एका वर्गात तीन भाषांची पोरं, असं सगळं झालं आणि ऑक्टोबर २०२४ ला कायदा करून सक्ती काढून टाकली, आता फिलिपिनो (त्यांची राष्ट्रभाषा) आणि इंग्रजी. माझं मत विचाराल तर प्रयोग तयारीविना केला म्हणून फसला, कल्पना चुकीची नव्हती. पावरी, भिली, अहिराणी बोलणारं पोरगं पहिलीत गप्प बसतं ते बुद्धी कमी म्हणून बसत नाही, हे तुमच्याएवढं कुणाला माहीत. आणि इथं नागरिकाचा प्रश्न परत येतोच, कारण ग्रामसभेची नोटीस, वनहक्काचा कागद हे ज्याला वाचून कळत नाही त्याला इंग्रजी पोएम पाठ असून काय करायचं.

प्रश्न : शिकायचं आणि देश सोडून जायचं, हाच तिथला धंदा आहे असं ऐकलं. मग कसले शिक्षित नागरिक? आमच्याही कॉलनीत निम्मी घरं म्हातारा-म्हातारीची, पोरं पुण्याला नाहीतर अमेरिकेत. – रिटायर रेल्वेवाले, भुसावळ

उत्तर : काका, रागावू नका, पण तुमच्या ऐकण्यात तथ्य आहे. २०२३ ला बाहेरच्या फिलिपिनो लोकांनी घरी पाठवलेला पैसा ३३ अब्ज डॉलरच्या वर. नर्स, खलाशी, घरकामाच्या बायका. १९८८ ला राष्ट्राध्यक्ष कोराझॉन अकिनोंनी हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांसमोर त्यांना देशाच्या नव्या हिरो म्हटलं, तेव्हापासून तो शब्दच पडला. टीका करणारे म्हणतात की सरकारला नोकऱ्या देता येत नाहीत म्हणून हे कौतुक. मला दोन्ही पटतं. कॉलेजात शिकलेली मास्तरीण परक्या देशात दुसऱ्याची पोरं सांभाळते आणि त्या पैशावर तिची स्वतःची पोरं आजीकडे वाढतात, याला हिरो म्हणून मोकळं होणं सोपं आहे. २००३ पासून त्यांना बाहेरून मत देता येतं, एवढी एक गोष्ट बरी.

पण सगळे जातातच असं नाही हो. १९७६ ला लेते बेटावर युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्सनं आरोग्याची एक शाळा काढली, तिची पद्धत ऐका. मेरिट लिस्ट मुख्य नाही, गावानं पोरगं किंवा पोरगी सुचवायची, आणि गावाशी करार, की शिकून परत येईन. आधी सुईणीचं काम शिकायचं, मग गावात जाऊन करायचं. गाव म्हणालं हा बरा आहे, पुढं पाठवा, तर नर्सिंग. परत गाव. मग पुढे डॉक्टरकी. जिन्यासारखं, प्रत्येक पायरीवर उतरून गावात जायचं आणि तिथं नोकरीला लागलं तरी शिक्षण वाया जात नाही, सुईण तर सुईण, नर्स तर नर्स. आणि १९९३ ला आरोग्यमंत्री हुआन फ्लाव्हिएर यांनी ज्या गावांत डॉक्टरच नाही तिथं तरुण डॉक्टर पाठवायची योजना काढली, ती अजून चालू आहे. आपल्याकडे अक्कलकुव्याच्या पीएचसीला डॉक्टर टिकत नाही म्हणून रडतो तेव्हा मला ती लेतेची शाळा आठवते. गावानं निवडलेली पोरगी गाव सोडून गेली तर तिला चारचौघात उत्तर द्यावं लागतं, बाँडचे पैसे भरून मोकळं होता येत नाही.

प्रश्न : एवढे शिकलेले म्हणता मग २०२२ ला त्याच मार्कोसच्या पोराला ३ कोटींवर मतं कशी पडली? आणि घराणेशाही तर आपल्यापेक्षा भारी आहे म्हणे. – नाव छापू नका, जळगाव

उत्तर : नाव छापत नाही. ३ कोटी १६ लाख मतं पडली. बापानं, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोसनं, १९७२ ला मार्शल लॉ लावला होता, फेब्रुवारी १९८६ ला लोकांनी रस्त्यावर येऊन हाकललं, आणि ३६ वर्षांनी पोरगा राष्ट्राध्यक्ष. मला यात मतदार अडाणी होते हे उत्तर आळशी वाटतं, कारण त्याला मतं शिकलेल्यांचीही पडली. शाळेत तो काळ धड शिकवला गेला नाही, आणि मोबाईलवर त्या काळाचं सोन्यासारखं चित्र वर्षानुवर्षं फिरत राहिलं. त्या खोट्या पोस्टींच्या मागे हात धुवून लागलेल्या पत्रकार मारिया रेसा यांना २०२१ चं शांततेचं नोबेल मिळालं, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी हा निकाल.

घराणेशाहीचं तर मजेशीर आहे. १९८७ च्या संविधानातच लिहिलंय की राजकीय घराण्यांना सरकार मनाई करेल, पण घराणं म्हणजे काय ते कायद्यानं ठरवू. तो कायदा करायचा कुणी, तर संसदेनं, आणि संसदेत बसलंय कोण? ... बरोबर. फक्त एका ठिकाणी लागू झालं, २०१६ ला. तिथं प्रत्येक गावात, त्याला बारांगाय म्हणतात, तरुणांची एक निवडून आलेली कौन्सिल असते, १५ ते ३० वयाचे तिला मत देतात, आणि तिच्यासाठी निवडून आलेल्यांच्या जवळच्या नातेवाइकांना उभं राहायला बंदी घातली. म्हणजे मोठ्यांनी पोरांना नियम लावला आणि स्वतः मोकळे. तरी १५ व्या वर्षी मत देऊन गावच्या बजेटचा १० टक्के हिस्सा आपण निवडलेली पोरं कसा खर्च करतात हे बघायला मिळणं, याला मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा वर ठेवतो. आपल्याकडचं कोणतं घराणं आठवलं ते तुम्ही लिहिलंय, ते मी छापत नाही, अंक खपायला हवा पण बंद पडायला नको.

आणि शिकलेल्यांची एक चांगली बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल सगळी निंदाच. १९८६ च्या निवडणुकीची मतं कॉम्प्युटरवर मोजायला बसवलेले तीसेक टेक्निशियन ९ फेब्रुवारीच्या रात्री उठून बाहेर पडले, कारण त्यांच्या मशीनवर येणारे आकडे आणि बोर्डावर लावलेले आकडे जुळेनात. सरकारी काम, बाहेर हुकूमशहा, घरी लेकरं. चर्चमध्ये आसरा घेतला त्यांनी. दोन आठवड्यांत मार्कोस देश सोडून पळाला, एवढ्यानंच पळाला असं नाही, पण सुरुवात करणाऱ्यांत ही माणसं होती. बेरीज येत होती त्यांना, तिचा उपयोग केला.

प्रश्न : एवढं वाचायला मनिलाला कोण जाणार? आपल्या भागाचा आणि त्या देशाचा काही संबंध आहे का? – एक वाचक, पारोळा

उत्तर : तुम्ही पारोळ्याचे असून विचारता! रॅमन मॅगसेसे पुरस्कार ऐकलाय ना, तो मनिलातूनच देतात. मॅगसेसे हे त्यांचे राष्ट्राध्यक्ष, तरुणपणी बस कंपनीत मेकॅनिक होते, वर जो रिझाल लॉ सांगितला त्यावर सही त्यांचीच, आणि मार्च १९५७ ला विमान अपघातात गेले. त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू झाला आणि १९५८ ला पहिल्याच वर्षी तो विनोबांना मिळाला, ज्यांची गीतेवरची प्रवचनं १९३२ ला आपल्या धुळ्याच्या जेलमध्ये झाली आणि अमळनेरला मास्तर राहिलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आणि २०११ ला तोच पुरस्कार मिळाला नीलिमा मिश्रा यांना, बहादरपूरच्या, तुमच्याच तालुक्यातल्या. एम.ए. करून गावात परत आल्या, बायकांचे बचत गट उभे केले, गोधड्या शिवून घेतल्या आणि त्या परदेशात विकल्या. मनिलाचं राहू द्या, पारोळ्याहून बहादरपूर जवळच आहे, एखाद्या दिवशी जाऊन या.